ब्रेकवर हलका पाय

ब्रेकमावशींनी आयुष्यात कधी गाडी चालवली नाही. पण ड्रायव्हरच्या सीटवर त्या जितक्या वेळा बसल्या, तितक्या वेळा एखादा नोकरीतला ड्रायव्हरही बसला नसेल. सत्तावीस वर्षं, रोज सहा-सात गाड्या. गाडी शेडमध्ये यायची, मावशी आत बसायच्या, गाडी जागची हलायची नाही, मावशी उतरायच्या. "एवढ्या गाड्यांत बसले, पण एकदाही कुठं पोचले नाही," असं त्या स्वतःच म्हणत आणि कुणी हसायच्या आत पुढच्या गाडीचं दार उघडत.

त्यांचे यजमान गाड्यांचे वायरमन. गल्लीत सगळे त्यांना नुसतं काका म्हणत. घराला लागून पत्र्याची शेड होती. एका वेळी एकच गाडी मावायची आणि तिचं दार एकाच बाजूला नीट उघडायचं. काका इंजिनाला, क्लचला, चाकांना हात लावत नसत. फक्त वीज, आणि त्यातही मुख्यतः बाहेरचे दिवे. बाहेरच्या दिव्यांबद्दल त्यांचं एक ठाम मत होतं. ते म्हणत, "आतला दिवा आपल्यासाठी असतो. पुढचा अर्धा आपल्यासाठी, अर्धा समोरच्यासाठी. मागचे सगळे परक्यांसाठी. ड्रायव्हरला स्वतःचा ब्रेकचा दिवा जन्मात दिसत नाही. म्हणून ही तपासणी दोन माणसांची. एकाने दाबायचं, एकाने बघायचं."

मावशी या कामात आल्या त्या चहा घेऊन. लग्नाला दोन महिने झाले होते. त्या कप ठेवून परत निघाल्या तेवढ्यात गाडीच्या मागून आवाज आला, "अगं, जरा आत बस आणि ब्रेक दाब."

"ब्रेक कुठला?"

"मधला."

"तुमच्या बाजूने मधला की माझ्या?"

मग काका म्हणाले, "मधला कुठूनही मधलाच असतो."

मावशींनी जीव खाऊन ब्रेक दाबला. सगळा जोर पायात आणून. काका धावत पुढे आले. "लाथ मारायची नाहीये. दाबायचाय." मावशींना राग आला. त्यांनी चप्पल काढून ठेवली, अंगठा आणि त्याशेजारचं बोट एवढंच पेडलवर टेकवलं आणि म्हणाल्या, "हा घ्या हलका." मागून आवाज आला, "आहे." मग थोडा जास्त दाबला. "हा अर्धा." "आहे." मग पूर्ण. "आहे." त्या दिवशी रागाच्या भरात सुरू झालेली ही पद्धत पुढे सत्तावीस वर्षं तशीच राहिली. चप्पल काढायची, हलका, अर्धा, पूर्ण. त्यात काही विशेष आहे असं दोघांपैकी कुणालाही वाटलं नाही. घरात शिरताना उंबऱ्याबाहेर चप्पल काढतो, तसंच.

दुसऱ्या दिवशी काकांनी खडूने शेडच्या फरशीवर काढून दाखवलं. बॅटरी, तिच्यापुढे फ्यूज, मग बटण, मग दिवा. "आणि दिव्यातून परत यायची तार?" मावशींनी विचारलं. काका खूश झाले. हा प्रश्न त्यांना त्यांच्या उस्तादाने विचारायला लावला होता, इथे तो आपणहून आला. "तार नाही. दिव्यातून वीज गाडीच्या पत्र्यात उतरते आणि पत्र्यातून बॅटरीकडे जाते. अख्खी गाडीच परतीची तार."

"आणि पत्रा गंजला तर?"

"तर ती अडते. मग शेजारच्या दिव्यातून वाट काढते. ब्रेक दाबलास तर इंडिकेटर मिणमिणतो. लोकांना वाटतं इंडिकेटर बिघडला. बिघडलेला असतो एक स्क्रू."

"आमच्या मामांच्या घरासारखं," मावशी म्हणाल्या. "मागचं दार अडकलं की सगळी वरात मामींच्या खोलीतून."

एवढ्यावर त्यांचं शिक्षण संपलं असं काका समजत. पण सीटवर बसणाऱ्याला जे कळतं ते मागे उभं राहणाऱ्याला कळत नाही. इंडिकेटर लावला की डॅशबोर्डच्या आत रिले, म्हणजे विजेने आपोआप उघडझाप होणारा स्विच, टकटक करतो. त्या बाजूचे सगळे दिवे धड असले तर टकटक शांत चालते, एक बल्ब गेला की घाई करते. मावशी ती टकटक ऐकून, काका मागे पोचायच्या आत सांगत, "डावीकडचा एक गेलाय. पुढे बघा आधी." हेडलाइटचं बटण दाबलं की बॉनेटखालून एक 'टक' येतो. कारण हेडलाइटची सगळी वीज त्या बारक्या बटणातून नेली तर बटण वितळेल. बटण फक्त रिलेला खूण करतं, ओझं रिले उचलतो. तो 'टक' आला नाही तर बल्ब बदलण्यात अर्थ नाही, हे मावशींना कानाने कळायचं. पाठीला कळायचं, पायाला कळायचं. पण कुणी विचारलं, "तुम्ही काय करता?" तर त्या म्हणत, "मी बसते."

नणंद तर हे चारचौघांत सांगायची. "वहिनींचं बरंय. दिवसभर गाडीत बसून असतात." मावशी हसायच्या. काकाही हसायचे. काकांचं हसणं मावशींच्या लक्षात राहायचं.

सत्ताविसाव्या वर्षी मावशींची थोरली बहीण न्हाणीघरात घसरली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. मावशी बॅग भरून तिच्याकडे गेल्या. आठ दिवसांसाठी म्हणून गेल्या, पाच आठवडे राहिल्या. दहाव्या दिवशी फोनवर त्यांनी विचारलं, "ब्रेक कोण दाबतं?"

"काठी," काका म्हणाले.

"कसली काठी?"

"झाडूचा दांडा कापला. एक टोक पेडलवर, एक टोक सीटवर. सीट पुढे सरकवली की ब्रेक दाबला जातो. मी आरामात मागे जाऊन बघतो. काठी बोलत नाही, चहा मागत नाही."

"चहा मी मागत नाही, मी आणते," मावशी म्हणाल्या आणि बहिणीला औषध द्यायचं आहे असं सांगून फोन ठेवला. औषधाला अजून तासभर होता.

पाच आठवड्यांनी मावशी परत आल्या. बसथांब्यावरून बॅग हातात घेऊन चालत निघाल्या. गल्लीच्या तोंडाशी किल्लीवाल्यांचं दुकान. दुकानाच्या पायरीवर किल्लीवाल्यांची मुलगी बसली होती. ती इस्पितळात नर्स होती आणि सगळी गल्ली तिला सिस्टर म्हणायची. सिस्टरचा उजवा हात कोपरापासून मनगटापर्यंत प्लास्टरमध्ये होता.

"हे काय करून घेतलंस?" मावशींनी बॅग खाली ठेवली.

"शिकवणीवाल्या सरांच्या गाडीला स्कूटरने मागून धडकले. आठ दिवस झाले."

"डुलकी लागली होती का गं? दिवसभर उभी असतेस."

सिस्टरने मान फिरवली. "तुम्हीसुद्धा तेच विचारा."

मावशी पायरीवर टेकल्या. "बरं, नाही विचारत. तूच सांग."

"संध्याकाळ होती. सरांच्या गाडीचे मागचे लाल दिवे लागलेले होते, ते मला दिसत होते. गतिरोधक आला. सर हळू झाले. पण ब्रेकचा दिवा उजळला नाही. लाल होतं ते तसंच लाल राहिलं. गाडी जवळ आली तेव्हा कळलं की ती थांबतेय."

दुकानाच्या आतून कानशीचा आवाज थांबला. किल्लीवाल्यांनी मान बाहेर काढली. "काकांनी त्या गाडीत आदल्याच आठवड्यात नवीन ब्रेकस्विच बसवलाय. धडकेनंतर मी त्यांना विचारलं. म्हणाले, दिवा मी स्वतः तपासलाय, चालू आहे. काका खोटं बोलतात असं म्हणायचंय का हिला?"

"मी काकांबद्दल बोलतच नाहीये," सिस्टर म्हणाली. "मी दिव्याबद्दल बोलतेय."

"स्कूटरची किल्ली आता मिळायची नाही," किल्लीवाले मावशींकडे बघून म्हणाले, म्हणजे मुलीला ऐकू जावं म्हणून. "डब्यात टाकलीय. तीनशे किल्ल्या आहेत त्या डब्यात. बसू दे शोधत."

सिस्टरने मग खालच्या आवाजात सगळं सांगितलं. इस्पितळ अकरा किलोमीटरवर. तिची ड्युटी सकाळी सहाला सुरू होते आणि पहिली बस साडेसहाची. स्कूटर नाही म्हणजे नोकरी नाही. प्लास्टर तीन आठवड्यांनी निघणार होतं, आणि तोवर वडिलांचं मन वळलं नाही तर राजीनामा. वडिलांनी कोपऱ्यावरच्या दवाखान्यात बोलून ठेवलं होतं. तिथं चिठ्ठ्या लिहायच्या आणि नावं पुकारायची. "चार वर्षं शिकले मी, मावशी. ऑपरेशनच्या खोलीत उभी राहते. मी डुलकी घेते होय?"

मावशींनी बॅग उचलली. काका कामात चूक करत नाहीत आणि ही मुलगी खोटं बोलत नाही. दोन्ही गोष्टी त्यांना पक्क्या ठाऊक होत्या, आणि दोन्ही एका जागी बसत नव्हत्या.

घरी काकांनी आधी बहिणीची चौकशी केली आणि मग काठी दाखवली. काठी झकास झाली होती, हे मावशींना मान्य करावं लागलं. पेडलवर बसणाऱ्या टोकाला खाच होती आणि ती कानशीने घोटलेली. दुसऱ्या टोकाला सीट फाटू नये म्हणून सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. काकांनी ती लावून दाखवली. सीट पुढे ओढली तशी काठी ताठ झाली आणि पेडल पार खाली गेलं.

मावशी काठीकडे बघत राहिल्या.

"कशी आहे?" काकांनी विचारलं.

"चांगली आहे. सरांच्या गाडीलाही हीच लावली होती?"

काकांनी सीट मागे ढकलली, काठी काढली, कोपऱ्यात उभी केली. "हो."

"आणि दिवा?"

"लागला. लख्ख." एवढं बोलून ते हात धुवायला गेले. हात आधीच स्वच्छ होते.

मावशींनी टेबलाचा खण उघडला तो कात्रीसाठी, बॅगेच्या चेनमध्ये दोरा अडकला होता म्हणून. खणात कात्रीशेजारी वर्तमानपत्राच्या कागदाची पुडी होती. पुडीत एक फुटका बल्ब. काच गेलेली, नुसतं पितळी बूड आणि त्यात दोन बारीक तारा. काका फुटके बल्ब दाराजवळच्या बादलीत टाकत. गेल्या सत्तावीस वर्षांत त्यांनी एकही फुटका बल्ब कागदात गुंडाळला नव्हता.

काका पंच्याला हात पुसत आले आणि दारातच थांबले.

"सरांच्या गाडीचा?" मावशींनी विचारलं.

"डावीकडचा. जिथं स्कूटर धडकली तिथला. नवीन दिवा बसवला तेव्हा काढला."

"मग हा असा का ठेवलात?"

काका स्टुलावर बसले. बल्ब त्यांनी उजेडात धरला. "एका बल्बमध्ये दोन तारा असतात. ही बारकी पाच वॅटची, रात्री मागे लाल दिसायला. ही जाड एकवीसची, ब्रेकसाठी. म्हणून ब्रेक दाबला की तोच दिवा उजळतो. आता बघ. तार पेटलेली असताना काच फुटली तर हवा लागून तार जळते. काळी पडते, वर पांढरट भुकटी बसते. ही बारकी बघ."

बारकी तार काळी होती आणि मधेच तुटलेली.

"आणि ही जाड बघ."

जाड तार नव्या स्प्रिंगसारखी चमकत होती.

मावशींना समजायला वेळ लागला नाही. "म्हणजे धडक बसली तेव्हा ब्रेकचा दिवा विझलेला होता."

"हो."

"तुम्हाला केव्हापासून ठाऊक आहे?"

"तीन दिवस."

"आणि तुम्ही गप्प बसलात?"

"कसं सांगू?" काकांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "किल्लीवाल्यांना मी आधीच सांगून बसलो होतो. मग हा हातात आला. मग सरांच्या गाडीला दहा वेळा काठी लावून बघितली. दहा वेळा उजवा दिवा लागला, नवा डावाही लागला. तारा ओढून पाहिल्या, फ्यूज काढून पाहिला, पत्र्याचे स्क्रू घासले. बल्ब म्हणतो विझलेला होता, काठी म्हणते लागतो. मी कुणाचं ऐकू?"

"सिस्टरचं ऐकायचं होतं," मावशी म्हणाल्या. "ती तर कधीची सांगतेय."

मावशींनी कात्रीने चेनमधला दोरा कापला, कपडे कपाटात ठेवले, भात टाकला. जेवताना त्यांनी एकच गोष्ट सांगितली. "उद्या सरांना गाडी घेऊन बोलवा. काठी लावू नका."

शिकवणीवाले सर दुसऱ्या दिवशी दहाला, दोन वर्गांच्या मधे आले. मावशी शेडच्या दारात उभ्या राहून त्यांना येताना बघत होत्या. सरांचं गाडी चालवणं गल्लीत थट्टेचा विषय होता. मागच्या सीटवर अंड्यांची टोपली ठेवल्यासारखे ते गाडी चालवत. थांबायचं असलं की पन्नास पावलं आधीपासून ब्रेकवर पाय नुसता टेकवून ठेवत आणि गाडी झोप लागल्यासारखी थांबे. आजही तशीच थांबली. मावशींनी ते नीट पाहिलं.

"माझ्या गाडीत अजून काही आहे का?" सरांनी विचारलं. "वर्ग आहे अकराला."

"पाच मिनिटं," मावशी म्हणाल्या. त्यांनी चप्पल काढली, सीटवर बसल्या, सीट आपल्या मापाने पुढे घेतली. पाच आठवड्यांनी बसल्या होत्या. काका मागे जाऊन उभे राहिले. सर त्यांच्याशेजारी.

"हलका," मावशी म्हणाल्या.

मागून काही आलं नाही.

"हलका," त्या पुन्हा म्हणाल्या.

"दाब की."

"दाबलाय."

काकांनी वाकून दोन्ही दिव्यांकडे पाहिलं. "नाही लागला."

"अर्धा."

"नाही."

"पूर्ण."

"आहे," काका म्हणाले. पुढे काही सांगायची गरज काकांना नव्हती. ते चालत पुढे आले आणि ड्रायव्हरच्या दाराशी गुडघे टेकून बसले.

पेडलच्या दांड्याला वरच्या बाजूला एक छोटा स्विच असतो. त्याला बारीकशी दट्ट्यासारखी कळ. पेडल मोकळं असलं की ते कळ दाबून धरतं आणि दिवा बंद राहतो. पेडल खाली जाऊ लागलं की कळ सुटते, वीज जोडली जाते, दिवा लागतो. पाय टेकवला की लगेच लागायला हवा. पण स्विच दोन आटे जास्त आत बसवला तर पेडल बरंच खाली गेल्याशिवाय कळ सुटत नाही. जोरात ब्रेक मारणाऱ्याला फरक कळणार नाही. हलका पाय ठेवणाऱ्याची गाडी थांबत येते आणि मागच्याला पत्ता लागत नाही. काठीला हलकं दाबणं ठाऊकच नव्हतं. ती एकच करायची, पूर्ण.

काकांना हे सगळं ठाऊक होतं. अशा शेकडो स्विचांचे आटे त्यांनी मावशींच्या "हलका" वर जुळवले होते. पण हलका दाबून बघायचं हे त्यांना कधी लक्षात ठेवावंच लागलं नव्हतं. ते मावशी म्हणत.

"म्हणजे मी ब्रेक चुकीचा मारला?" सर मागून म्हणाले. ते जरा घाबरले होते. "मुलीला लागलं त्यात माझी चूक?"

"तुमचं बरोबर आहे," काका डॅशबोर्डखालून म्हणाले. ते आता पाठीवर आडवे झाले होते, तोंडात टॉर्च धरून, म्हणून शब्द नीट निघत नव्हते. त्यांनी टॉर्च काढली आणि परत म्हणाले, "चूक माझी. बल्बकडे बघा, सर. लागला की सांगा."

मावशींनी अंगठा टेकवला. काकांनी अर्धा आटा मागे घेतला.

"नाही," सर म्हणाले.

आणखी अर्धा. "नाही." आणखी. "नाही." आणखी अर्धा.

"आहे. आहे. लागला," सर वर्गात हजेरी घ्यावी तसे मोठ्याने म्हणाले.

"पाय काढ," काका म्हणाले. "विझला?"

"विझला."

"हलका."

"आहे."

काकांनी स्विचमागचं नट आवळलं आणि बाहेर आले. पाठीला धूळ तशीच. मावशींनी विचार केला होता की आता कसं समजवायचं, पण समजवावं लागलं नाही. काकांनी खणातली पुडी घेतली आणि किल्लीवाल्यांच्या दुकानाकडे चालू लागले. मावशी चप्पल घालून मागोमाग निघाल्या. सरही निघाले. अकराचा वर्ग त्या दिवशी उशिरा भरला.

दुकानात दोन गिऱ्हाईकं होती. काकांनी ती जायची वाट पाहिली नाही. "तुमची मुलगी खरं सांगत होती," ते म्हणाले. "दिवा लागला नव्हता. स्विच मी बसवला आणि चुकीचा बसवला. तपासलाही चुकीचा. तुम्हाला मी जे सांगितलं ते नीट न बघता सांगितलं." त्यांनी पुडी उघडून काउंटरवर ठेवली आणि दोन्ही तारा दाखवल्या. काळी आणि चकचकीत.

किल्लीवाल्यांनी भिंग लावून बल्ब पाहिला. धातूचं काम त्यांना कळत होतं. त्यांनी बराच वेळ पाहिला. मग भिंग काढून आतल्या दाराकडे बघत हाक मारली, "बाहेर ये गं."

सिस्टर बाहेर आली. सगळं ऐकून घेतलं. सर म्हणाले, "मला फार वाईट वाटतं." ती म्हणाली, "सर, तुमचा काही दोष नाही. तुम्ही चांगलंच चालवता. फार चांगलं चालवता." गिऱ्हाइकांपैकी एक हसलं. मग ती काकांकडे वळली.

"तुम्हाला हे कधी कळलं, काका?"

"स्विचचं आज. बल्बचं चार दिवसांपूर्वी."

"चार दिवस मी रोज या पायरीवर बसत होते. तुम्ही रोज समोरून जात होता."

"हो," काका म्हणाले.

किल्लीवाल्यांनी फळीवरचा डबा काढला आणि काउंटरवर उलटा केला. किल्ल्यांचा ढीग झाला. ते शोधू लागले. गल्लीतली कुठलीही किल्ली डोळे मिटून ओळखणारा माणूस, पण आज प्रत्येक किल्ली तीच वाटत होती.

"सरका, बाबा," सिस्टर म्हणाली. "माझा एक हात मोकळा आहे." आणि तिने डाव्या हाताने ढीग पसरला.

काका तडक परत आले. शेडमध्ये आल्यावर त्यांनी खडू घेतला आणि भिंतीवर आठवून आठवून लिहायला सुरुवात केली. पाच आठवड्यांत ब्रेकस्विच बसवून काठीने तपासलेल्या गाड्या. पिवळी व्हॅन. बेकरीची गाडी. डॉक्टरीणबाईंची. यादी तेवीसवर थांबली.

"सगळ्या परत बोलवायच्या?" मावशींनी विचारलं.

"सगळ्या."

"लोक म्हणतील, काकांना काम जमत नाही."

"म्हणू देत. पाच आठवडे जमलं नाही."

नऊ दिवस लागले. तेवीसपैकी एकोणीस गाड्या ठीक निघाल्या, चारांचे ब्रेकचे दिवे उशिरा लागत होते. त्यांत एक शाळेच्या मुलांची व्हॅन होती. त्या दिवशी काका जेवले नाहीत. मधेच नणंद येऊन गेली, नेहमीसारखी दारातूनच म्हणाली, "वहिनी आल्या आल्या बसल्या वाटतं गाडीत." काका मागच्या दिव्यापाशी होते. तिथूनच म्हणाले, "ती बसत नाही. ती काम करते. दारातून सरक, उजेड अडतोय."

तेविसावी गाडी जुनी, निळी, गंजलेली. मावशी सीटवर बसायला निघाल्या तर काकांनी दार धरलं. "आज मी दाबतो. तू मागे जा."

"का?"

"मी नसलो तर काय करशील?"

"काठी लावीन," मावशी म्हणाल्या. पण मागे गेल्या. शेडच्या तोंडाशी, जिथं काका रोज उभे राहत तिथं त्या उभ्या राहिल्या. तिथल्या फरशीवर काकांच्या टाचांनी दोन खळगे पाडले होते. मावशींचे पाय त्यांत बसले नाहीत, त्या बाजूला सरकल्या.

"हलका," आतून काका म्हणाले.

दोन्ही दिवे एकदम लाल झाले. काचेच्या आतून, गंजलेल्या पत्र्याच्या मधोमध, स्वच्छ लाल. मावशींनी सत्तावीस वर्षं हा दिवा लावला होता. पण काकांच्या जागेवरून पाहिला नव्हता एकदाही.

"काय गं? लागला की नाही?"

"आहे," मावशी म्हणाल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "पण हा हलका नव्हता. तुमचा पाय जड आहे. चप्पल काढा आणि परत."